टीपी स्कीमचं अपील: साडेतीन स्टार, आणि दीड का कापला ते

आधीच सांगते, हा मिक्सरचा किंवा हॉटेलचा रिव्ह्यू नाही. आमच्या बडोद्यात लोक शेव-उसळच्या गाडीला पण स्टार देतात, तरी कमी वाढली म्हणून दोन कापतात आणि वर फोटो टाकतात, मग ज्या गोष्टीत आमच्या घराची एवढी वर्षं गेली तिला मी का नाही द्यायचे. तर हा रिव्ह्यू आहे टीपी स्कीममधल्या अपीलाचा, म्हणजे टाउन प्लॅनिंग ऑफिसरने (टीपीओने) तुमच्या जमिनीबद्दल जे ठरवलं ते पटलं नाही तर पुढे जे बोर्ड ऑफ अपील असतं, तिथे जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव. कुठली स्कीम, कुठला नंबर, कोण साहेब हे लिहिणार नाही, विचारू पण नका.

थोडं बॅकग्राउंड. आमचं घर दांडिया बाजारचं, चौथी पिढी, घरात मराठी आणि दारात गुजराती. आजोबांनी शहराच्या पश्चिमेला थोडी शेती घेऊन ठेवलेली, ४,८०० चौरस मीटर, सात-बारावर बाबा आणि काका दोघांचं नाव. विहीर आहे, म्हणजे होती, आणि राजापुरी आंब्याची दोन झाडं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिकडे जायचो तेव्हा मधे नुसती शेतंच, आणि आई म्हणायची बाटलीत पाणी भरून घ्या वाटेत काही मिळत नाही. आता त्याच वाटेवर तीन मॉल आहेत आणि पाण्याची बाटली वीस रुपयाला.

पुण्या-नागपूरच्या लोकांसाठी टीपी स्कीम म्हणजे काय ते सांगते, कारण तिकडे एवढी घराघरात नाही. सरकार तुमची जमीन संपादन करून पैसे देऊन घालवून देत नाही. शंभर-दीडशे हेक्टरातली सगळ्यांची शेतं कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बाग, शाळा, दवाखाना, अथॉरिटीने (म्हणजे स्कीम राबवणारी शहर विकासाची सरकारी संस्था) विकायचे प्लॉट असं काढून घेतात आणि उरलेली जमीन नीट चौकोनी तुकडे करून ज्याची त्याला परत देतात. जुना तुकडा म्हणजे ओपी, ओरिजिनल प्लॉट, नवा म्हणजे एफपी, फायनल प्लॉट. मधे जे जातं त्याला इकडे कपात म्हणतात. कायद्यात त्याचे टक्के लिहिलेत, रस्त्याला १५, बागा-मैदानांना ५, शाळा-दवाखान्यासारख्या सोयींना ५, अथॉरिटीला विकायला १५, आणि गरिबांच्या घरांसाठी १०. बेरीज ५० होते पण जनरली ४० वर काम भागतं. आमची पण ४० टक्केच गेली, एफपी आला २,८८० चा. त्याबद्दल माझी खरंच तक्रार नाही. ज्या शेताला गाडीवाट सुद्धा शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर होती त्याला अठरा मीटरचा रस्ता मिळाला तर चाळीस टक्के जाणारच ना, फुकट कोण देतंय.

तक्रार वेगळी. आमचा एफपी कांसच्या काठावर आला. बडोद्याचे नाहीत त्यांच्यासाठी, कांस म्हणजे पावसाच्या पाण्याचा उघडा नाला, शहरभर आहेत, पावसाळ्यात भरून वाहतात आणि बाकी आठ महिने त्यात काय असतं ते विचारू नका. आणि शेप कसा, तर एका बाजूने चाळीस मीटर आणि दुसऱ्या बाजूने निमुळता होत होत बारा. काकांनी नकाशा बघितला आणि म्हणाले हा प्लॉट आहे का कलिंगडाची फोड. विहीर आणि आंबे दुसऱ्याच कुणाच्या एफपीत गेले.

आता इथून रिव्ह्यू सुरू.

घरात सगळ्यांचं एकच, अपील करू. शेजारच्या जोशीकाकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाने सांगितलं अपील करा, वरती जज असतो, तो ऐकतो. ते खरं पण आहे. बोर्ड ऑफ अपीलमध्ये एक अध्यक्ष आणि दोन असेसर (त्याच्या सोबत बसणारे सदस्य) असतात, आणि अध्यक्ष न्यायाधीश असतो, प्लॅनिंग खात्याचा माणूस नाही. ज्याने नकाशा काढला त्याच्याकडेच परत जाऊन साहेब चुकलंय हो म्हणायचं नाही, बाहेरचा तटस्थ माणूस बघणार. एका महिन्यात अपील टाकायचं, म्हणजे निर्णय तुम्हाला कळवल्यापासून एक महिना. आम्ही एकोणीसाव्या दिवशी टाकलं, बाबांनी आयुष्यात लाईटबिल सुद्धा शेवटच्या तारखेच्या आधी भरलं नव्हतं.

पण. हा पण फार मोठा आहे आणि तो आम्हाला कुणी सांगितला नाही, वकीलबेननी सांगितला. बोर्ड तुमचा प्लॉट कुठे टाकला ते बघतच नाही. ते बघतं पैसे. कायद्यात (गुजरातचा १९७६ चा, १ फेब्रुवारी १९७८ पासून लागू) टीपीओ स्कीमचे दोन भाग करतो, एक प्रिलिमिनरी आणि एक फायनल. प्रिलिमिनरीमध्ये जमिनीचं सगळं, कोणाला कुठला एफपी, रस्ता कुठून, बाग कुठे. फायनलमध्ये हिशोब, कोणाच्या जमिनीची किंमत किती, कोणाला नुकसानभरपाई किती, कोणी स्कीमच्या खर्चाला किती भरायचे. अपील लागतं ते ह्या दुसऱ्या भागातल्या हिशोबाच्या कलमांवर. पहिल्या भागात टीपीओने जे ठरवलं ते फायनल, बंधनकारक, त्यावर बोर्ड नाही. तिथे भांडायचं तर सरळ अहमदाबाद, सोल्याला हायकोर्टात स्पेशल सिव्हिल ॲप्लिकेशन, आणि तिथे पण जज नकाशा हातात घेऊन तुम्हाला नवा प्लॉट काढून देत नाहीत, प्रोसिजर पाळली का, सुनावणी दिली का एवढंच मुख्यतः बघतात. वकीलबेन म्हणाल्या, "काका, हायकोर्ट जवुं होय तो जाओ, पण मारी फी पहेला पूछजो." अशा वकील मला फार आवडतात.

आणि क्रम बघा कसा आहे. प्रिलिमिनरी स्कीम मंजूर झाली की रस्त्या-बागेची जमीन अथॉरिटीची होते, ताबा घेतात, रस्ता करतात. फायनल नंतर येते, आमच्या केसमध्ये बऱ्याच वर्षांनी. म्हणजे आम्ही ज्या दिवशी बोर्डापुढे उभे राहिलो त्या दिवशी आमच्या विहिरीच्या जागी कुणाचं तरी पार्किंग होतं आणि समोरच्या रस्त्याला डिव्हायडर पडून त्यात कण्हेर फुलली होती. आता ह्या स्टेजला कोणी प्लॉट बदलून द्यायचा म्हटला तरी कसा देणार, ते मला पण समजतं. पण मग लोकांना आधी सांगा ना. अर्धा स्टार इथे कापला, बोर्डाचा नाही खरं तर, कायदा लिहिणाऱ्याचा.

मग आधी म्हणजे कधी. तर दोन चान्स होते आणि दोन्ही आम्ही घालवले, हे लिहायला लाज वाटते पण रिव्ह्यू खरा पाहिजे. पहिला चान्स, ड्राफ्ट स्कीम व्हायच्या आधी ओनर्स मीटिंग असते, अथॉरिटी सगळ्या जमीनमालकांना बोलावून कच्चा नकाशा दाखवते. त्याची नोटीस बाबांना आली होती. त्या वर्षी बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते (कारण जाऊ दे, लग्नातल्या आहेरावरून होतं), बाबांना वाटलं काका जातील, काकांना वाटलं थोरल्याकडे नोटीस आहे तो जाईल. मग ड्राफ्ट प्रसिद्ध झाला, त्यावर लेखी हरकत द्यायला एक महिना असतो, तो पण त्याच अबोल्यात गेला. त्या महिन्यात पानभर अर्ज दिला असता की बाबांनो आमच्या ओपीतच विहीर आहे, एफपी शक्यतो तिथेच ठेवा, तर बदललंच असतं असं नाही, पण तेव्हा नकाशा पेन्सिलीचा असतो. आमच्या शेजारच्या पटेलांनी दिला, त्यांचा एफपी जवळपास जिथे शेत होतं तिथेच आहे.

दुसरा चान्स टीपीओसमोरची सुनावणी. तिथे काका गेले. काकांना एका कानाने कमी ऐकू येतं, साहेब गुजरातीत भरभर बोलले, काकांनी हो हो म्हटलं आणि सही केली. घरी आल्यावर म्हणाले फार चांगला माणूस आहे, चहा दिला. पुढे आमच्या फाईलमधला मोजणीचा कागद एका ऑफिसात सापडेना, तीन खेपा झाल्या, शेवटी तिथल्या शिपाईकाकांनी कपाटावरच्या गठ्ठ्यातून काढून दिला आणि म्हणाले ऊपर मूकेलुं हतुं, वर ठेवलेलं होतं. एवढंच, त्याबद्दल मी रडत नाही बसणार.

आता बोर्डाची खरी गंमत, आणि ज्यासाठी मी साडेतीन स्टार देतेय. जागेबद्दल बोर्ड ऐकत नाही पण किमतीबद्दल ऐकतं, आणि वाईट जागेची किंमत कमी असते. हे वाक्य वकीलबेननी टेबलावर पेन आपटून तीनदा म्हटलं तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं. म्हणजे कांस, दुर्गंधी, कलिंगडाची फोड, जे जे दुःख तुम्ही जागा म्हणून सांगायला गेलात तर दार बंद, तेच दुःख रुपयात मांडलं तर तेच दार उघडं.

हिशोब असा चालतो, सोपे आकडे घेते. समजा तुमचं शेत १,००० चौ.मी., स्कीमच्या आधीचा भाव १,००० रुपये मीटरला, म्हणजे १० लाख. परत मिळाले ६०० मीटर, जुन्याच भावाने ६ लाख. म्हणजे ४ लाख तुमचे गेले, ती तुमची भरपाई. आता स्कीम पूर्ण झाली, रस्ते गटार लाईट सगळं आलं असं धरून त्याच ६०० मीटरचा भाव लावला २,५००, झाले १५ लाख. पंधरातून सहा गेले, नऊ लाख वाढ झाली, तिला इन्क्रिमेंट म्हणतात (पगारातलं नाही, पगारातलं असतं तर आनंदच). ह्या वाढीच्या जास्तीत जास्त अर्धे तुमच्याकडून स्कीमच्या खर्चासाठी काँट्रिब्युशन म्हणून घेता येतात, अर्ध्याच्या वर नाही. पूर्ण अर्धे लावले तर साडेचार लाख. भरपाई चार वजा केली, तुम्ही अथॉरिटीला ५० हजार द्यायचे. ह्याला नेट डिमांड म्हणतात, एफ फॉर्ममध्ये (प्रत्येक प्लॉटच्या हिशोबाचा तक्ता) शेवटाकडच्या रकान्यात येतो आणि लोक सरळ तोच वाचतात, बाकीचे रकाने कोणी बघत नाही.

आता बोर्डाला सांगा की साहेब, हा २,५०० चा भाव मेन रोडच्या कॉर्नरच्या प्लॉटचा आहे, आमचा कांसच्या काठावर आहे, निमुळता आहे, इथे २,२०० च्या वर कोणी घेणार नाही. बोर्डाने मानलं तर ६०० मीटरचे झाले १३ लाख २० हजार, वाढ ७ लाख २० हजार, अर्धे ३ लाख ६०. तुमचे चार येणं आहेत. म्हणजे तुम्ही ५० हजार द्यायच्या ऐवजी तुम्हालाच ४० हजार मिळाले. मीटरमागे तीनशे रुपयाचा फरक आणि चेकची दिशा बदलली. मी बँकेत काम करते, आकड्यांचं मला नवल नाही, पण हे मी दोनदा करून बघितलं.

फक्त एक अडचण, आणि इथे दुसरा अर्धा स्टार गेला. हे सगळे भाव आजचे नाहीत. अथॉरिटीने स्कीम करायचा इरादा ज्या दिवशी जाहीर केला त्या दिवशीचे. जुना भाव पण त्या दिवसाचा आणि नवा, सगळं झालंय असं समजून काढलेला, तो पण त्याच दिवसाचा. म्हणजे स्कीम पूर्ण व्हायला दहा-बारा वर्षं लागली तरी तुमच्या गेलेल्या जमिनीची किंमत त्या जुन्या तारखेवर गोठलेली. मधे जंत्री (जमिनीचे सरकारी भाव, तुमच्याकडचं रेडी रेकनर) २०११ ची होती ती सरकारने १५ एप्रिल २०२३ पासून सरळ दुप्पट केली, काकांना वाटलं आता आपले पण दुप्पट. नाही. वकीलबेन म्हणाल्या उलट बरं आहे, काँट्रिब्युशन पण जुन्या भावाचंच लागतं, आजच्या भावाने वाढ काढली असती तर रडला असता. तेही बरोबर. पण ज्याची जमीन जास्त गेली आणि परत कमी मिळाली त्याला हे बरं वाटत नाही, त्याला आजच्या भावाने नवीन तुकडा घ्यायचा असतो ना.

तर मग त्या जुन्या तारखेच्या आसपासचे खरेदीखतांचे भाव शोधायचे. इथे माझे दोन महिने गेले. सब-रजिस्ट्रारकडून इंडेक्स टू काढायचे, आजूबाजूच्या सर्वे नंबरचे, त्यातले कांसजवळचे वेगळे, रस्त्यावरचे वेगळे. अर्धे दस्तावेज जंत्रीच्या भावाने, म्हणजे खरा व्यवहार किती ते देवाला आणि त्या दोघांना माहीत. एका दस्तावेजात चतुर्सीमेत चक्क लिहिलं होतं, उत्तरे कांस, आणि भाव त्याच महिन्यात झालेल्या शेजारच्या सर्वे नंबरपेक्षा मीटरला बराच कमी. तो कागद मिळाला त्या दिवशी मी ऑफिसातून हाफ डे टाकून लिलो चिवडो आणि पेढे घेऊन घरी गेले. ज्याला हे करायचंय त्याला एकच सांगते, असा एक कागद शोधा. तुमच्याच भागातला, तुमच्याच तारखेचा, तुमच्यासारखीच खोड असलेला. बाकी दहा पानी रडगाण्यापेक्षा तो एक कागद चालतो.

सुनावणीचा दिवस सांगते. कोर्ट आता न्यायमंदिरात नाही, दिवाळीपुऱ्याला गेलं, पण काका सवयीने सुरसागरच्या बाजूने वळायला लागले, मी म्हटलं काका उलटीकडे. काकांच्या हातात प्लास्टिकची पिशवी, आत आजोबांनी स्वतः काढलेला शेताचा नकाशा, फुलस्केपवर, शाईने, विहीर गोल, आंबे दोन छोटे ढग काढावेत तसे, आणि बाणाने लिहिलेलं "हापूस नव्हे". (आजोबांना कोणीतरी हापूस म्हणून राजापुरी विकली होती, तो राग.) वकीलबेननी सांगितलं होतं काका काही बोलू नका, मी बोलते.

खोलीत अध्यक्ष, दोन असेसर, आणि बाजूला टीपीओसाहेब पण. आम्ही दचकलो, ज्याच्या निर्णयावर अपील तोच आत बसलाय. नंतर कळलं की कायद्यातच आहे, टीपीओ बोर्डापुढे हजर राहतो, साक्ष द्यायला नाही तर अध्यक्षांना लागलं तर सल्ला द्यायला. आधी मला हे फार विचित्र वाटलं, जसं की अंपायरच्या निर्णयावर थर्ड अंपायरकडे गेलो तर तिथे तोच अंपायर कॉफी पीत बसलाय. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याचा फायदाच झाला. अध्यक्षांनी विचारलं की ह्या प्लॉटला आणि कॉर्नरच्या प्लॉटला एकच डेव्हलप्ड रेट (स्कीम पूर्ण झाली असं धरून काढलेला भाव) का लावला, आणि टीपीओसाहेबांनी फाईल उलटून पालटून सांगितलं की त्या ब्लॉकला एकच झोन धरला होता. म्हणजे भाव काढताना आमचा प्लॉट कोणी वेगळा बघितलाच नव्हता. हे आम्ही महिनाभर ओरडून सांगितलं असतं तरी एवढं पटलं नसतं.

वकीलबेननी तो उत्तरे-कांसवाला कागद पुढे केला. एका असेसरने तो दोनदा वाचला, मग नकाशा मागितला, मग पट्टी लावून कांसपासून आमची हद्द किती लांब ते मोजलं. पट्टी लावून. मी एवढ्या वर्षांत एवढ्या टेबलांवर आमचा कागद ठेवलाय, पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यावर पट्टी ठेवली. ह्या एका गोष्टीचे मी दोन स्टार देते, कोणाला पटो न पटो.

आणि मग शेवटी काका उठलेच. पिशवीतून नकाशा काढला आणि म्हणाले साहेब, आ कूवो जुओ, ही विहीर बघा. वकीलबेननी डोळे मिटले. अध्यक्षांनी नकाशा हातात घेतला, बघितला, "हापूस नव्हे" काय आहे ते विचारलं, काकांनी सांगितलं, सगळे हसले, टीपीओसाहेब पण. मग त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की काका, विहीर आणि झाडं कोणाकडे गेली हे प्रिलिमिनरीमध्ये ठरलं, ते आमच्या हातात नाही, तुम्ही त्या वेळी सांगायला हवं होतं. त्यात हिडीसफिडीस नव्हती, पण दार बंद आहे हे स्पष्ट. काकांनी नकाशा घडी करून परत पिशवीत घातला. पार्किंगमध्ये म्हणाले, चांगला माणूस आहे. ह्या वेळी चहा पण नव्हता दिला.

निकाल आला तेव्हा डेव्हलप्ड रेट आम्ही मागितला तेवढा नाही पण कमी झाला, नेट डिमांड साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरली. वकीलबेनची फी, इंडेक्सचे पैसे, माझे हाफ डे वजा केले तरी हातात राहिले. निकाल दोन पानी, कारणं लिहिलेली, कुठला दस्तावेज मानला आणि कुठला का नाही मानला ते पण. तारखा मात्र पडल्या, दोनदा नुसतं जाऊन परत आलो, आणि काकांना जिना चढवणं हा स्वतंत्र कार्यक्रम. तिसरा अर्धा त्याचा.

माझी मावसबहीण आयर्लंडमध्ये कॉर्कला असते, तिला व्हॉट्सॲपवर हे सगळं सांगितलं तर तिने उलट तिची स्टोरी ऐकवली. तिच्या शेजाऱ्याने मागे दुमजली वाढीव बांधकाम काढलं, खिडकी सरळ हिच्या न्हाणीघरात बघणारी. तिकडे शेजारी म्हणून हिने आधी कौन्सिलकडे २० युरो भरून हरकत दिली, त्याची पोच जपून ठेवली, कौन्सिलने तरी परवानगी दिली तर चार आठवड्यांत २२० युरो भरून आणि ती पोच जोडून वरच्या बोर्डाकडे अपील. पोच नसेल तर अपील घेत नाहीत, म्हणजे आधी हरकत दिली नसेल तर नंतर बोलायचं नाही, तिकडे पण तेच. त्या बोर्डाचं नाव तेव्हा ॲन बोर्ड प्लेनाला होतं, १९७७ पासूनचं, आता २०२५ मध्ये नाव बदलून ॲन कमिशून प्लेनाला केलंय, उच्चार चुकला असेल तर माफी, तिने व्हॉइस नोट पाठवली होती तरी मला जमत नाही. मला चाट पडायला झालं ते हे की तिथे अपील म्हणजे सगळा अर्ज पहिल्यापासून नव्याने बघतात, जणू तो पहिल्यांदाच आलाय. इन्स्पेक्टर जागेवर येऊन बघून रिपोर्ट लिहितो. पैसे-बिशे नाही, सरळ जागा, खिडकी, उंची, सावली. आणि जमीन हिची नसताना. शेवटी बांधकाम झालंच, पण त्या खिडकीला धुरकट काच लावायची अट पडली. मी म्हटलं तुला पाच स्टार. ती म्हणाली कसले पाच, १८ आठवड्यांत निकाल द्यायचं टार्गेट असतं आणि माझा त्याच्या कितीतरी पुढे गेला, तोवर मी न्हाणीघरात चादर लावून राहिले.

तर तुलना करायची तर अशी. तिकडे शेजाऱ्याला पण आवाज आहे आणि तो जागेबद्दल आहे. इकडे आवाज जमीनमालकाला आहे आणि वरच्या पायरीवर तो फक्त रुपयात ऐकू येतो. दीडपैकी आता उरलासुरला तुकडा नाही राहिला कापायला, तीन अर्धे झाले, हिशोब बरोबर आहे.

बाबा म्हणतात एवढं लिहिलंस तर हे पण लिही की सयाजीरावांच्या वेळेला पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस बडोद्यात आला होता आणि १९१६ मध्ये त्याने शहराच्या वाढीवर अख्खा अहवाल लिहिला, आधी गल्लीबोळ पायी फिरून. नंतर इंदूरवर पण लिहिला, १९१८ मध्ये. बाबांचं म्हणणं असं की पायी फिरणाऱ्याला विहीर दिसते. मी म्हटलं बाबा, नोटीस आली तेव्हा तुम्ही पायी गेला असतात तर. त्यावर ते पेपर वाचायला लागले.

कोणाला जायचं असेल त्यांना व्यवहारातलं सांगते. एफ फॉर्म आला की नेट डिमांड नंतर वाचा, आधी तुमचा आणि तुमच्या शेजारच्या दोन एफपींचा डेव्हलप्ड रेट शेजारी शेजारी लिहा, आमचा सगळा खटला त्या एका तुलनेवर उभा होता. कळवल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा, महिना तिथून मोजतात. वारसाई नोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या, नाहीतर नोटीस मेलेल्या माणसाच्या नावावर येते आणि शेजारी परत पाठवतो. आणि डीआयएलआरची (जमीन मोजणी ऑफिसची) मापणी शीट स्वतःकडे एक कॉपी ठेवा, कपाटावर वरती मूकेलुं असतं.

आत्याचं शेत पण त्याच बाजूला आहे, थोडं पुढे, आणि तिकडे आता नवीन स्कीम निघालीय. ओनर्स मीटिंगची नोटीस मागच्या आठवड्यात आली. आत्या म्हणाली मला काही समजत नाही तुम्हीच बघा. काकांनी मला फोन करून तारीख तीनदा विचारली, मंगळवार आहे, अकरा वाजता. कानाचं मशीन नवीन सेल घालून ठेवलंय आणि आत्याच्या शेताचा नकाशा स्वतः काढताहेत, फुलस्केपवर, विहीर गोल. मला म्हणाले हाफ डे टाक.